डिझेल गोठलं की बॅटरी बसली? थंडीत चालू न होणाऱ्या डिझेल गाडीची तपासणी

डिसेंबर लागला की माझा फोन सकाळी साडेसहाला वाजायला लागतो. पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, "अहो, डिझेल गोठलंय बहुतेक. गाडी चालूच होत नाहीये." माझा प्रश्नही ठरलेला. डिझेल कुठे भरलं आणि कधी भरलं? "काल संध्याकाळी, वारज्यात." मग ते गोठलेलं नाही. आधी बॅटरी बघा.

दुसऱ्या प्रकारचा फोन नाताळच्या सुट्टीत येतो. आवाज तुटत असतो, मागे वारा घोंघावत असतो. गाडी एमएच १२, पण उभी असते सिस्सूला नाहीतर केलाँगला. "बॅटरी गेली हो. तीन महिन्यांपूर्वीच बदललेली, दुकानदारानं फसवलं." तिथे बॅटरी धडधाकट असते आणि डिझेलच बसलेलं असतं.

पुण्यात लोक डिझेलला नावं ठेवतात आणि हिमाचलात बॅटरीला. दोन्हीकडे उलटं. वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. निदान सकाळचे फोन तरी साडेसातला येतील.

गोठणं म्हणजे नेमकं काय

डिसेंबरात घरातली खोबरेल तेलाची बाटली पांढरी होते, ती बर्फ होत नाही. तेलातला घट्ट होणारा भाग आधी बाहेर येतो, तेल गढूळ होतं आणि मग सगळंच थिजतं. डिझेलचंही तसंच. त्यात मुळातच मेण विरघळलेलं असतं, पॅराफिनचं. ते काही भेसळीचं नाही. डिझेल चांगलं पेटतं त्यात या मेणाचाही हात असतो. गारठा वाढला की मेणाचे बारीक कण सुटे होतात आणि डिझेल धुरकट दिसायला लागतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. गाडी बंद पडायला टाकीतलं सगळं डिझेल थिजावं लागत नाही. टाकीत ते पातळच असतं, हलवलं तर डुचमळतं. पण डिझेल फिल्टरच्या कागदाची छिद्रं काही मायक्रॉनची असतात, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. मेणाचे कण तिथे थर धरतात आणि फिल्टर तुंबतो. म्हणून तेलवाल्यांच्या भाषेत तीन वेगळी तापमानं असतात: डिझेल गढूळ होण्याचं, त्यानं फिल्टर तुंबण्याचं आणि ते वाहायचं थांबण्याचं. आपल्या कामाचं मधलं.

भारतीय मानकात, म्हणजे आयएस १४६० मध्ये, याचे आकडे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हिवाळी डिझेलनं फिल्टर तुंबण्याचं तापमान जास्तीत जास्त ६ अंश असावं. बाकीच्या महिन्यांत ते १८ अंशांपर्यंत चालतं. ही कमाल मर्यादा आहे, पंपावर मिळणारं डिझेल त्याहून चांगलं असू शकतं. पण हा १८चा आकडा लक्षात ठेवा, सोसायटीच्या जनरेटरपाशी तो पुन्हा भेटेल.

आता पुण्याची थंडी. शिवाजीनगरला पारा ८-९ वर आला की वर्तमानपत्रात शेकोटीचे फोटो येतात. पाषाणला थोडा आणखी गारठा असतो. पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंश, तोही जानेवारी १९३५ मधला. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत नेहमीच्या पंपावर भरलेलं ताजं डिझेल पुण्याच्या रस्त्यावर फिल्टर तुंबवण्याची शक्यता जवळपास नाहीच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दरवर्षी येते, ते खरंच असतं. पण गवताच्या पात्यावरचा गारठा वेगळा आणि टाकीतल्या पन्नास लिटर डिझेलचा वेगळा. निफाडकडे द्राक्षं भरायला जाणाऱ्या टेम्पोवाल्यांनी मात्र जरा जागरूक राहावं. तिकडे पारा चार-पाचपर्यंतही उतरतो, आणि रात्रभर उघड्यावर उभ्या टेम्पोतलं डिझेल सीमेवर येतं.

आधी गाडी काय सांगते ते ऐका

बॉनेट उघडण्याआधी एक माणूस गाडीच्या मागे, सायलेन्सरकडे बघत उभा करा आणि सेल्फ मारा. खर्च शून्य, आणि निम्मं निदान इथेच होतं.

सेल्फ घर्र... घर्र करत दमल्यासारखा फिरतो, किंवा नुसतं टक्‌ टक्‌ होतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलचा. डिझेलचं नावसुद्धा काढू नका.

सेल्फ जोरात फिरतो, गाडी पकडत नाही, पण मागे पांढरा धूर येतो. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त पेटत नाही. पोचतंय याचा अर्थ ते गोठलेलं नाही. इथे संशय हीटर प्लगवर, म्हणजे गाडी चालू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगवर.

सेल्फ जोरात फिरतो आणि मागे धुराचा लवलेश नाही. डिझेल पोचतच नाहीये. हवा धरली असेल, फिल्टर तुंबला असेल, पंप गेला असेल, किंवा टाकी रिकामी असेल. हसू नका, काटा अडकल्यामुळे रिकाम्या टाकीवर तासभर सेल्फ मारणारे मी पाहिलेत.

आणि आता खऱ्या गोठण्याचं लक्षण. गाडी पहिल्या सेल्फला झकास चालू होते. मिनिट-दोन मिनिटं चालते, मग आचके देते, दम सोडते आणि बंद पडते. पुन्हा मारली तर पाच सेकंद चालते. कारण सोपं आहे: फिल्टरच्या पुढच्या नळ्यांत असलेलं डिझेल तेवढं पुरतं, मागून मेण आलं की फिल्टर दार लावून घेतो. चालत्या गाडीत हेच झालं तर चढावर पिकअप जातो, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी चाळीसच्या पुढे सरकत नाही. अशी गाडी दुपारच्या उन्हात कोणी हात न लावता आपोआप सुरळीत झाली, तर मेणाबद्दल शंका ठेवायचं कारण नाही. बॅटरी उन्हानं भरत नाही.

तपासणी, फुकटापासून सुरुवात

पहिली तपासणी आठवणीची. डिझेल कुठलं आणि कधीचं? पुण्यात भरून आठवडा झाला असेल तर मेण विसरा. टाकी एप्रिल-मे मध्ये भरलेली असेल (कधीतरीच बाहेर निघणारी गाडी, गावची जीप, जनरेटर) किंवा मैदानात भरून डोंगर चढला असाल, तर मेण यादीत वर घ्या.

मग बॅटरी. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा असेल तर गरम पाणी ओतून ब्रशनं साफ करा, नट घट्ट करा. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली आपटत असेल तर बॅटरी संपली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबूनच ती इतकी तापवावी लागते की डिझेल पेटेल, आणि त्यासाठी इंजिन वेगात फिरावं लागतं. पेट्रोल गाडी अर्धमेल्या बॅटरीवरही खपून जाते, डिझेल खपवून घेत नाही. पुण्यातल्या सकाळच्या फोनांतले बहुतेक इथेच मिटतात. आणि हो, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं, आणि तीनदा झालं की पुरे. चौथ्यांदा गाडी चालू होत नाही, सेल्फची मोटर मात्र जळते.

तिसरी, हीटरचा दिवा. किल्ली फिरवली की वेटोळ्याचं चिन्ह लागतं, ते विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा. जुन्या जीप-टेम्पोत याला खूप महत्त्व आहे, नव्या गाड्यांत पुण्याच्या थंडीत तो दिवा क्षणभरच दिसतो. चारातला एखादा हीटर प्लग गेला तर गाडी चालू होते पण पहिलं मिनिटभर थरथरते, मिसिंग मारते, पांढरा धूर ओकते आणि मग शहाण्यासारखी चालते. हे काम स्वतः करू नका. जुना प्लग हेडमध्ये जाम बसलेला असतो, काढताना तुटला तर पाचशेच्या कामाचे पंधरा हजार होतात.

चौथी, हवा. गाडी उताराला नाक वर करून लावली असेल आणि फक्त सकाळीच त्रास देत असेल, तर रात्रीतून नळीतलं डिझेल टाकीकडे परत गेलंय आणि मध्ये हवा शिरलीय. थंडीत जुने रबरी पाइप आणि फिल्टरच्या रिंगा कडक होतात, त्यामुळे पावसाळ्यात न दिसलेली गळती हिवाळ्यात उघडी पडते. शंभर-दीडशे रुपये वाचवून घेतलेल्या नकली फिल्टरची रिंग याला सगळ्यात आधी कारण असते. तुमच्या गाडीला हँड पंप असेल, म्हणजे फिल्टरजवळचा रबरी फुगा किंवा वरची दाबायची टोपी, तर तो दाबून बघा. दाबत जाल तसा घट्ट झाला आणि मग गाडी चालू झाली, तर हवा होती. पहिल्याच दाबाला दगडासारखा कडक, तर पुढे फिल्टर तुंबलाय. दाबल्यावर फुगा चपटाच राहिला, पुन्हा फुगला नाही, तर मागे, म्हणजे टाकीतल्या जाळीपाशी, अडलंय. नव्या गाड्यांत टाकीतच विजेचा पंप असतो, त्यांना फुगा नसतो. मागच्या सीटजवळ कान लावा, किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे.

पाचवी माझी आवडती, बाटलीची. काचेची एक स्वच्छ, कोरडी बाटली घ्या. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो, तो सैल करून पेलाभर डिझेल बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. आरपार दिसलं तर डिझेल निर्दोष आहे, दुसरीकडे बघा. गढूळ दिसलं तर बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात उभी करा. दहा मिनिटांत निवळलं तर मेण. न निवळता तळाशी वेगळा थर बसला तर पाणी. मेण आणि पाणी यांत लोक कायम गल्लत करतात, आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. पाणी शून्य अंशाला गोठतं आणि फिल्टरमध्ये त्याचा अक्षरशः बर्फ होतो. पुण्यात ते गोठणार नाही, पण पंपाला गंज देईल.

मेण निघालं तर

गरम करायचं, बास. गाडी उन्हात ओढा, शक्य असेल तर बंद शेडमध्ये. फिल्टरभोवती जुनं फडकं गुंडाळा आणि त्यावर किटलीनं गरम पाणी थोडं थोडं ओता, वायरिंगचे जोड वाचवून. मेण पुन्हा विरघळायला वेळ लागतो, अर्धा तास धीर धरा. वीज असेल तर हेअर ड्रायर उत्तम. नवा फिल्टर जवळ असेल तर तो बदलून टाकणं सगळ्यात झटपट, पण टाकीतलं डिझेल तसंच गार असेल तर नवा फिल्टरही दहा मिनिटांत तुंबेल. आधी टाकी ऊबदार जागी, मग फिल्टर.

डोंगरात ट्रकवाले टाकीखाली बोळा पेटवतात. तुम्ही पाहाल, ते तुम्हाला मदतही देऊ करतील, आणि मनापासून. नको म्हणा. त्यांची टाकी जाड लोखंडाची, तुमची प्लास्टिकची.

फिल्टरमधलं मेण विरघळवण्यासाठी बाटलीतलं औषध ओतून उपयोग नाही, हेही सांगून टाकतो. न गोठण्याची जी औषधं मिळतात ती मेणाचे कण बारीक ठेवतात, एकमेकांना चिकटू देत नाहीत. ती डिझेल निवळ आणि ऊबदार असतानाच मिसळायला हवीत. एकदा दही लागल्यावर दुधात काही घालून दूध होत नाही.

रॉकेलचं काय

हा प्रश्न येणारच. "आमचे वडील डिझेलमध्ये रॉकेल घालायचे, काही झालं नाही." बरोबर आहे, नाही झालं. त्यांची जीप जुन्या पंपाची होती, ती गोडेतेलावरही चालली असती. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं त्यात, डिझेल सोळाशे ते दोन हजार बारच्या दाबानं फवारलं जातं, आणि तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण म्हणजे तेच डिझेल. वेगळं ऑइल नाही. रॉकेल पातळ आणि कोरडं. पंप आतून घासतो, त्याचा चुरा पुढे नोझलमध्ये जातो, आणि मग पंप, चार नोझल, रेल, टाकीची धुलाई असा सगळा संच लागतो. बिल लाखाच्या घरात जातं.

बरं, फायदा किती? दहा टक्के रॉकेल घातलं तर तुंबण्याचं तापमान अंश-दोन अंशांनी खाली जातं. केलाँगच्या उणे दहा-पंधराला तर निम्मी टाकी रॉकेल घातलं तरी पुरणार नाही. पुण्यात तर त्या अंश-दोन अंशांचीही गरज नाही. पेट्रोल मिसळणं याहून वाईट. वंगण जातंच, शिवाय टाकीत पेट घेणारी वाफ तयार होते.

सोसायटीचा जनरेटर, पुण्यातला खरा रुग्ण

वर म्हटलं ना, १८चा आकडा पुन्हा भेटेल. पुण्यात मेणानं तुंबलेला फिल्टर मी हातात धरलाय तो गाड्यांत नव्हे, जनरेटरमध्ये.

बाणेरकडच्या एका सोसायटीत जानेवारीच्या सकाळी लाइट गेली आणि जनरेटर उठेना. वॉचमननं बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारला. सेक्रेटरी काका खाली आले, अंगावर शाल, हातात रजिस्टर. रजिस्टरात सगळं चोख लिहिलेलं: दोनशे लिटर डिझेल, भरल्याची तारीख मे महिन्यातली. वर्षभराचं एकदम घेतलं, कारण भाव वाढणार होता. जनरेटर इमारतीच्या मागे, उत्तरेकडे, ऊन पोचत नाही अशा जागी, टाकी उघड्यावर. फिल्टर उघडला तर कागदावर पिवळसर, लोण्यासारखा थर. बाटलीत घेऊन कोमट पाण्यात ठेवलं, वरचं निवळलं, आणि तळाला बोटभर पाणी उरलं. मेणही आणि पाणीही. उन्हाळी डिझेल, त्याला १८ अंशांनाच फिल्टर तुंबवायची मुभा. त्यात अर्धवट रिकामी टाकी पावसाळाभर दमट हवा आत ओढत राहिली आणि आतल्या भिंतींवर पाणी सुटत राहिलं.

काकांना पटायला वेळ लागला. "डिझेल काय, नासतं का?" हो, नासतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ होतो. सहा महिने ते वर्षभर, याहून जास्त साठवायचं नसतं. त्या दिवशी फिल्टर बदलला, तळाचं पाणी सोडलं, दुपारी ऊन आल्यावर जनरेटर उठला. खरा इलाज नंतर केला: ऑक्टोबरअखेर जुना साठा वापरून संपवायचा, नोव्हेंबरच्या मध्यानंतर ताजं भरायचं, दर आठवड्याला अर्धा तास लोडवर चालवायचा (नुसता रिकामा नाही), आणि महिन्यातून एकदा तळाचं पाणी सोडायचं. तेव्हापासून सकाळी तिथून फोन नाही. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून दोन तास भांडण होतं, त्यातली दोन मिनिटं या ठरावाला द्या.

थंडीत हिमाचल-लडाखला जाणाऱ्यांसाठी

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि भर हिवाळ्यात मनालीपलीकडच्या लाहौलला (सिस्सू, केलाँग तिथलेच) जाणं पुणेकरांच्या आवाक्यात आलं. बोगदा नऊ किलोमीटरचा, पण त्याच्या दोन टोकांना दोन वेगळे हिवाळे आहेत. मनालीच्या बाजूला गाडी सुरळीत, पलीकडे रात्र काढली की सकाळी ठप्प.

लोकांना वाटतं, पुण्याचं डिझेल नडलं. पुण्याचं डिझेल तिथवर पोचतच नाही. मनाली दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे, साठ लिटरची टाकी सात-आठशे किलोमीटरला संपते. नडतं ते चंदीगड-रोपडच्या मैदानात "वर महाग मिळेल" म्हणून काठोकाठ भरलेलं डिझेल. ते हिवाळीच असतं, पण त्याची मर्यादा ६ अंशांची, आणि सिस्सूची रात्र उणे दहाची. पुणेरी काटकसर इथे महागात पडते.

म्हणून मैदानात अर्धीच टाकी भरा, वर जाऊन भरा, आणि भरताना विचारा: थंडीचं वेगळं डिझेल आहे का? लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीतलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं. ते मिळालं तर प्रश्नच मिटला. नाही मिळालं तर न गोठण्याचं औषध मनालीतच, दुपारी, डिझेल भरण्याच्या आधी टाकीत ओता, म्हणजे भरताना आपोआप ढवळलं जातं. औषध तुमच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) गाडीला चालतं का हे बाटलीवर वाचून घ्या.

आणि बाटलीची युक्ती इथेही. वर चढण्याच्या आदल्या रात्री टाकीतल्या डिझेलचा नमुना हॉटेलच्या बाल्कनीत ठेवा. सकाळी मनालीतच गढूळ दिसला तर ते डिझेल घेऊन वर मुक्कामाला जाऊ नका. पलीकडे फिरून संध्याकाळी परत या, बर्फ दोन्हीकडे सारखाच पांढरा आहे.

गाडी लावताना भिंतीच्या आडोशाला, नाक पूर्वेला. सकाळचं पहिलं ऊन बॉनेटवर पडू द्या. वाऱ्यानं डिझेल हवेपेक्षा जास्त गार होत नाही, पण लवकर गार होतं. टाकी रात्री भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत पाणी सुटतं. निघण्याआधी पुण्यातच फिल्टर नवा घाला आणि एक जादा डिकीत टाका.

डिझेलच्या नादात एक गोष्ट राहून जाते. रेडिएटरमध्ये काय आहे? पुण्यात वर्षभर नळाचं पाणी भरून चालवलेली गाडी तिथे एका रात्रीत इंजिन ब्लॉकला तडा देते. गोठलेलं डिझेल दुपारी निवळतं, तडकलेला ब्लॉक निवळत नाही. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी, हे पुण्यातूनच भरून घ्या. बॅटरी चार वर्षांची असेल तर तीही इथेच बदला. कडाक्याच्या थंडीत चांगल्या बॅटरीचा जोरही निम्म्यावर येतो, त्यामुळे तिथे दोन्ही रोग एकदम होऊ शकतात. ज्या गाड्यांना धुरातलं प्रदूषण कमी करायला युरियाची वेगळी टाकी असते, त्यातलं द्रावण उणे ११ ला गोठतं. त्यानं घाबरू नका, ते वितळवायला गाडीतच हीटर असतो.

हात कधी आवरायचा

कॉमन रेल गाडीत फिल्टरच्या पुढच्या जाड लोखंडी नळ्यांना पाना लावायचा नाही. जुन्या इंजिनात नोझलचा नट सैल करून एअर काढत, तेच बघून लोक नव्या गाडीत करतात. त्या दाबाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट वाचवायला ऑपरेशन करावं लागतं. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, थेट मोठ्या इस्पितळात जा आणि डिझेल आत गेलंय हे सांगा.

फिल्टर बदलला, हवा काढली, बॅटरी चांगली आहे, तरी गाडी उठत नाही, तर तुमचं काम संपलं. पुढे स्कॅनर लावून रेलचा दाब बघावा लागतो. ते पंप-नोझलवाल्याचं काम, नाक्यावरच्या फिटरचंही नाही. फिल्टरच्या डिझेलमध्ये चंदेरी चमक दिसली तर एकदाही सेल्फ मारू नका, गाडी ओढून न्या. ती चमक म्हणजे पंपाचा चुरा, प्रत्येक सेल्फला तो पुढे ढकलला जातो. चुकून पेट्रोल भरलं असेल तर किल्लीसुद्धा फिरवू नका. गाडी वॉरंटीत असेल तर फिल्टरलाही हात न लावता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, उघडलेला फिल्टर बघून ते वॉरंटी नाकारू शकतात.

वर डोंगरात, अंधार पडल्यावर गाडी बंद पडली तर दुरुस्ती करू नका. जवळचं घर, ढाबा, पोलीस चौकी गाठा. ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवून बंद काचांत झोपू नका. सायलेन्सरभोवती बर्फ साचला तर धूर आत येतो आणि त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. गाडी सकाळी अकराच्या उन्हात बघता येते, आणि बहुतेक वेळा तेव्हा ती हसत हसत चालू होते.